ऑपरेशननंतर घरी आलेल्या वयस्कर पेशंटची काळजी: पहिल्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

ऑपरेशन नीट पार पडलं, डिस्चार्ज मिळाला, पेशंट घरी आला. आता घरातले सगळे एकच सांगतात: "काही करू नका, नुसतं पडून राहा." सांगण्यामागे माया असते, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त नडतं ते हे पडून राहणंच. जखम भरायला अंथरूण लागत नाही, ती आपल्या गतीने भरते. स्नायू मात्र अंथरुणात झपाट्याने झडतात. धडधाकट वयस्करांना नुसतं १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे १ किलोने घटले होते. ऑपरेशन झालेल्या, भूक मेलेल्या माणसाचं नुकसान याहून जास्त असतं, आणि त्या वयात गेलेली ताकद परत मिळवायला कित्येक आठवडे जातात. शिवाय पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, पाठीला व्रण होतात आणि दिवस-रात्रीचं भान सुटतं.

त्यामुळे या लेखाचा सगळा भर दोन कामांवर आहे: पेशंटला रोज उठवणं, आणि कालच्यापेक्षा आज काय बदललं ते बघणं. डॉक्टरांनी तुमच्या पेशंटसाठी वेगळं काही सांगितलं असेल, तर अर्थातच तेच पाळायचं.

हॉस्पिटल सोडण्याआधी

डिस्चार्जच्या गडबडीत हातात कागद येतो, कोणीतरी भराभर समजावतं आणि घरी आल्यावर निम्मं आठवत नाही. म्हणून एक वही आणि पेन घेऊनच बसा आणि एवढं तरी लिहून घ्या:

- ऑपरेशन झालेल्या पायावर किती भार द्यायचा? पूर्ण, थोडा, की पाऊल नुसतं टेकवायचं?
- टाके किंवा स्टेपल कधी काढायचे? अंगावर पाणी कधीपासून घ्यायचं?
- रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन कोणत्या तारखेपर्यंत? ("थोडे दिवस" हे उत्तर चालणार नाही, तारीखच हवी.)
- लघवीची नळी घरी पाठवत असतील, तर ती कोण काढणार आणि कधी?
- तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट कधी येणार आणि तो कोणाकडून घ्यायचा?
- रात्री दोन वाजता अडचण आली, तर फोन कोणाला करायचा?

नंतर औषधांकडे या. घरी होणाऱ्या चुकांमध्ये सगळ्यात मोठा वाटा यांचाच. घरातल्या जुन्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या टेबलावर काढा, डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवा आणि तीन ढीग करा: चालू ठेवायच्या, बंद करायच्या, डोस बदललेल्या. ज्या गोळीचं काय करायचं ते कार्डावर लिहिलेलंच नाही, ती बाजूला काढून डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. बारीक अक्षरातलं औषधाचं खरं नाव वाचा. हॉस्पिटलने दिलेली रक्तदाबाची "नवी" गोळी आणि घरातली जुनी गोळी या दोन्हींत ॲम्लोडिपिनच असू शकतं. दोन्ही सुरू राहिल्या तर रक्तदाब खाली जातो, पेशंट संडासला जायला उठतो आणि कोसळतो. याच्या उलटही घडतं. ऑपरेशनच्या वेळी थांबवलेली हृदयाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी पुन्हा सुरू करायची राहूनच जाते आणि आठवड्याभरात पायावर सूज, धाप दिसू लागते.

मधुमेह असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. खाणं निम्म्यावर आलंय आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीइतकंच चालू आहे, तर साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी साखर मोजा. ७० पेक्षा कमी आली, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेशंट गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट अँब्युलन्स बोलवा.

घर लावून घेणं

हे पेशंट यायच्या आदल्या दिवशीच उरकावं. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. खुर्चीचंही तसंच. तिला हात हवेत, बैठक कडक हवी. मऊ सोफ्यात माणूस रुततो आणि मग त्याला ओढून काढावं लागतं. संडासची बैठक खाली असेल तर वर ठेवायचा उंच भाग मिळतो, तो बसवा. उकिडवं बसावं लागत असेल तर मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची आणा. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी हँडल हवं. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेल्यावर हात नेमका तिच्यावर पडतो.

पलंग ते संडास हा रस्ता रात्रीच्या दृष्टीने बघा: पायपुसणी, गालिचे, वायरी उचला, एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा. बाथरूमची कडी आतून लावू द्यायची नाही. चपला मागून बंद असलेल्या हव्यात. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, पाणी आणि बेल किंवा फोन हात लांबवल्याबरोबर मिळतील असे ठेवा.

अंथरुणातून उठवणं

हे नीट शिकून घ्या, कारण दिवसातून आठ-दहा वेळा करायचं आहे.

१. पाठीवर झोपलेले असतानाच दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली १५ ते २० वेळा हलवायची. पोटरीचे स्नायू आवळतात, साठलेलं रक्त पुढे सरकतं.

२. गुडघे वाकवून पूर्ण अंग एकदम कुशीवर वळवायचं, खांदे आणि कंबर बरोबर. खुब्याचं ऑपरेशन असेल तर फिजिओथेरपिस्टने दाखवलेल्या बाजूनेच उठायचं.

३. पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा हात गादीवर रेटून धड उचलायचं. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर येतं, पोटाच्या टाक्यांवर ताण येत नाही. पाठीवरून सरळ उठून बसायला गेलं तर सगळा जोर टाक्यांवरच येतो.

४. कडेला बसून दोन मिनिटं थांबायचं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि पेशंट बऱ्याचदा इथेच पडतो. बसल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ वाटली तर परत आडवं करा.

५. कडेपर्यंत पुढे सरकायचं, पावलं थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि हातांनी गादी खाली ढकलत उभं राहायचं. वॉकर धरून ओढत उठायचं नाही, तो पेशंटच्या अंगावर उलटतो.

६. उभं राहिल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, मग पहिलं पाऊल.

मदत करणाऱ्याने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहावं, एक हात कमरेला. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधला तर पकड चांगली मिळते. काखेत हात घालून किंवा मनगटाला धरून उचलू नका, वयस्कर खांदा तेवढ्यानेही निखळतो. आणि पेशंट घसरायला लागलाच, तर उभं धरून ठेवायचा अट्टहास नको. आपल्या अंगाला टेकवून हळूच जमिनीवर बसवा. दोघंही पडण्यापेक्षा ते बरं.

उठल्यावर रोज चक्कर येत असेल, तर आडवं असताना पाच मिनिटांनी रक्तदाब घ्या आणि उभं राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते वहीत लिहून डॉक्टरांना कळवा. पाणी कमी पडलंय, रक्त कमी झालंय किंवा रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होताहेत, यांपैकी काहीतरी असतं.

किती चालवायचं

घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून जागेपणी दर तासा-दीड तासाने उठवायचं. चहा-नाश्ता-जेवण खुर्चीत बसूनच, आणि संडास-बाथरूमला शक्य तोवर चालत. पहिले दोन-तीन दिवस खोलीतल्या खोलीत पुरे. मग दररोज थोडं वाढवायचं, एकाच मोठ्या फेरीपेक्षा चार-पाच छोट्या. जोडीला खुर्चीतून उठून पुन्हा सावकाश बसायचा व्यायाम: पाच वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा पुढचा स्नायू यानेच परत येतो, आणि संडासवरून एकट्याने उठता येणं याच स्नायूवर अवलंबून आहे.

थोडं दुखणार, पाय थोडा सुजणारही. चालल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत निवत असेल तर बेत बरोबर चाललाय. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि ठणका दोन्ही वाढलेले असतील तर चालणं निम्मं करा, बंद करू नका.

वॉकर किंवा काठीची उंची मोजायला पेशंटला चप्पल घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. वॉकरची किंवा काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. उंच वॉकरने खांदे दुखतात, ठेंगण्याने माणूस पुढे झुकतो. खालची रबरी टोपणं झिजलेली असतील तर आधी ती बदला. काठी धरायची ती ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि पुढे टाकायची त्या पायाबरोबर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. पहिल्यांदा जिना चढवताना तुम्ही एक पायरी खाली राहा. उतरतानाही तसंच, त्यांच्या पुढे.

खुबा बदलला असेल तर ऑपरेशन कोणत्या बाजूने केलं यावर बंधनं ठरतात. मागच्या बाजूने केलं असेल तर साधारणपणे कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा आणून द्या, नाहीतर न सांगता वाकलं जातं.

दुखणं दाबून ठेवू नका

"शक्यतो गोळी नको" म्हणून दुखणं सोसणारे पेशंट खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, उठत नाहीत. त्यातून न्यूमोनिया होतो. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळीच द्यायची असते, दुखल्यावर नव्हे. बहुतेक प्रौढांची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम असली, तरी वजन ५० किलोच्या खाली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा पेशंट फार अशक्त असेल तर डोस कमी लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ती बेरीज विसरू नका. उठवण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी दिली तर चालणं सुसह्य होतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घरात पडलेल्या असतात आणि शेजारीपाजारी सुचवतातही. वयस्कर माणसाला या विचारल्याशिवाय देऊ नका. रक्तदाबाची ठरावीक गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना त्यांच्या जोडीला ही आली, तर मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वेगळाच. ट्रॅमाडॉलसारखी तीव्र गोळी दिली असेल तर तिच्यामुळे गुंगी, मळमळ, गोंधळ आणि बद्धकोष्ठ होतं. ती कमीत कमी दिवस घ्यायची आणि झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही.

छातीसाठी जागेपणी तासाला दहा खोल श्वास. पोटावर टाके असतील तर उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, धक्का उशी झेलते.

पोट आणि लघवी

बद्धकोष्ठाला घरात कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला निम्मा त्रास त्यातूनच उभा राहतो. भूक जाते, पोट फुगतं, लघवी अडकते, माणूस गोंधळतो. तीव्र वेदनाशामक सुरू असेल तर पहिल्या दिवसापासून रेचकही हवं, लॅक्टुलोज किंवा डॉक्टर सांगतील ते. तीन दिवस पोट साफ झालं नाही की थांबू नका, फोन करा. इसबगोल पुरेसं पाणी न पिणाऱ्या माणसाला दिलं तर ते आतच घट्ट बसतं. बसताना पायांखाली छोटा पाट ठेवला तर जोर कमी लागतो, पण खुबा बदललेल्यांना हे चालणार नाही. एक फसवी गोष्ट इथे सांगायलाच हवी: अनेक दिवसांनी अचानक पातळ संडास थोडी-थोडी कपड्यात होऊ लागली, तर ती जुलाबाची नसून आत अडकलेल्या खड्याच्या कडेने झिरपणारी असू शकते. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की प्रकरण आणखी बिघडतं.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता लटकवा. पलंगावर अंगाशेजारी ठेवली तर लघवी उलटी जाते. नळी मांडीला पट्टीने हलकी अडकवा, म्हणजे चालताना ओढली जात नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, हात आधी आणि नंतर साबणाने धुवून. नळीच्या तोंडाजवळची त्वचा रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवीत तीन-चार तास काहीच येत नाही आणि पोट ताणलं गेलंय, तर आधी नळीला पीळ पडलाय का, ती अंगाखाली दबलीय का बघा. सरळ करूनही येत नसेल तर ताबडतोब डॉक्टर. नळी काढल्यावर सहा ते आठ तासांत लघवी झालीच पाहिजे. थेंब-थेंब होणं म्हणजे झाली असं नाही.

खाणं-पिणं

भूक उशिरा परतते, हे गृहीत धरा. मोठं ताट पुढे केलं की नको वाटतं, म्हणून दोन-अडीच तासांनी थोडं-थोडं द्या आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनं असू द्या: दूध, दही, अंडी, डाळी, पनीर, मासे, चिकन, जे पचतं आणि आवडतं ते. बऱ्या होत असलेल्या वयस्कर माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. नुसत्या पातळ पेजेवर आणि सूपवर आठवडा काढला तर जखमही रेंगाळते.

पाणी आणि इतर पातळ पदार्थ मिळून दीड ते दोन लिटर, हृदय किंवा मूत्रपिंडासाठी मर्यादा घातली नसेल तर. तहान वयाबरोबर बोथट होते, म्हणून "लागलं की मागतील" यावर राहू नका. रात्री उठावं लागू नये म्हणून बरेच जण मुद्दाम पाणी टाळतात. त्यांना दुपारी चारपर्यंत बहुतेक पाणी पाजून टाका. खाताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

जखम, त्वचा आणि पोटऱ्या

बसवलेलं ड्रेसिंग सांगितलेल्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. जखम रोज उघडून "बघायची" गरज नसते. ड्रेसिंग काढल्यावर साबणाचं पाणी वरून वाहू द्या, घासू नका, स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा. पावडर, मलम, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, तेल, यांतलं काही लावू नका. कडेची हलकी लाली आणि थोडं पिवळसर पाणी पहिल्या दिवसांत येतं. लाली पसरतेय का ते कळायला तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, जखम गरम लागली, पू किंवा घाण वास आला, टाके उसवले तर दाखवायला न्या. सांधा बदलला असेल तर संसर्ग कित्येक आठवड्यांनीही डोकं वर काढतो.

जास्त झोपून असणाऱ्यांची माकडहाड, खुबे आणि टाचा रोज आंघोळीच्या वेळी बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा झाला नाही, तर ती व्रणाची सुरुवात आहे. त्या जागेवरचा दाब पूर्ण काढा. मालिश करू नका, आतली त्वचा आणखी फाटते. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. मधोमध भोक असलेली गोल गादी वापरू नका, तिच्या कडांचा दाब उलट रक्त अडवतो.

दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली एकाच अंतरावर टेपने मोजा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त असेल किंवा एकच पोटरी दुखरी, गरम, घट्ट झाली असेल, तर गुठळीची शक्यता आहे. त्याच दिवशी तपासून घ्या, आणि तोवर ती पोटरी चोळू नका.

माणूस अचानक वेगळा वागू लागला तर

वयस्करांत ऑपरेशननंतर भ्रम होणं नेहमीचं आहे आणि तो ओळखू न येणंही तितकंच नेहमीचं. सकाळी बरं, संध्याकाळी असंबद्ध, रात्री कोणीतरी दिसतंय, अंगावरची पट्टी ओढतायत, हा प्रकार निदान लक्षात तरी येतो. दुसरा प्रकार शांत असतो. माणूस गप्प होतो, दिवसभर झोपतो, घास तोंडात धरून बसतो, प्रश्नाला उशिरा उत्तर देतो. घरचे म्हणतात, "चला, विश्रांती घेतायत." हा शांत भ्रम जास्त घातक, कारण त्याचं कारण शोधायला कोणी धावत नाही.

भ्रम म्हणजे वेड नव्हे आणि "वयामुळे" म्हणून सोडून द्यायची गोष्टही नव्हे. त्याच्या मागे बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अडकलेली लघवी, साचलेलं पोट, पाण्याची किंवा सोडियमची कमतरता, न सांगितलेलं दुखणं, खाली गेलेली साखर, नवी गोळी. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या यात आघाडीवर असतात. ही यादी हातात घेऊन एक-एक तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तोवर चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, कारण अर्धवट ऐकू येणारा माणूस लवकर बिथरतो. दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा. घड्याळ आणि तारीख समोर. एका वेळी एकानेच, छोट्या वाक्यांत बोलावं. त्यांना जे दिसतंय ते खोटं आहे असा वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. "मी इथेच आहे, तुम्ही घरी आहात" एवढं पुरतं. हात बांधू नका. भेटायला येणारी गर्दी दोन-चार दिवस थांबवा.

काही ठरावीक ऑपरेशनांबद्दल

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला असेल तर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी हृदयाच्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, दात काढायचा असला तरी. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो थेट हार्ट अटॅक. जांघेतल्या किंवा मनगटाच्या छिद्रातून रक्त आलं तर आडवं करून दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे उचलून बघू नका. थांबलं नाही तर अँब्युलन्स.

मोतीबिंदूनंतर दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. दुखणं वाढलं, लाली वाढली आणि दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट बघू नका.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर खपली सुटते तेव्हा, साधारण दहा ते चौदा दिवसांनी, लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. पाणी वाढवलं की निवळते. गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी बंद झाली तर हॉस्पिटल.

केव्हा धावायचं

ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर फोन करा, पण वयस्करांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. म्हणून रोज सकाळी ताप, नाडी, रक्तदाब, एका मिनिटातले श्वास, खाल्लेलं, प्यायलेलं, लघवी-संडास आणि चाललेल्या फेऱ्या वहीत लिहा. मिनिटाला २४ च्या वर श्वास, शांत बसलेले असताना ११० च्या वर नाडी, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, दिवसभरात जेमतेम लघवी, सततच्या उलट्या, काल चालणारा माणूस आज उभाच राहत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, न थांबणारा रक्तस्राव, काळी डांबरासारखी संडास, हाक मारूनही जाग न येणं: यात फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट हॉस्पिटल.

वही एकच असू द्या आणि काळजी घेणारे निदान दोघे. एकट्यावर रात्रंदिवस पडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी औषधांच्या वेळा चुकायला लागतात.

फेरतपासणीला जाताना

वही आणि सगळ्या गोळ्या बरोबर न्या. वेदनाशामक, झोपेची गोळी, ॲसिडिटीची गोळी यांतलं काय आता बंद करता येईल ते विचारा, कारण कोणी विचारलं नाही तर त्या वर्षानुवर्षं चालू राहतात. सहाव्या आठवड्यापर्यंत खुर्चीतून हात न लावता उठता येत नसेल, घरातल्या घरात काठीने चालता येत नसेल किंवा वजन सतत उतरत असेल, तर फिजिओथेरपी वाढवायला सांगा. आणि साध्या पडण्याने खुब्याजवळचं हाड मोडून ऑपरेशन झालं असेल, तर एक प्रश्न स्वतःहून विचाराच: हाडं ठिसूळ झाल्याचा उपचार सुरू केलाय का? हाड जोडलं की तो विषय बऱ्याचदा तिथेच संपतो. पण ज्याचं एकदा असं मोडलं, त्याचं दुसरं हाड मोडायचा धोका वाढलेला असतो, आणि तो कमी करणारी औषधं उपलब्ध आहेत.